पागलखाना शरीफ

नागपुरात छिंदवाडा रोडवर एक चौक आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'पागलखाना चौक' म्हणा, तो दुसरा प्रश्न विचारत नाही. सरकारी पाटीवर 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असं लिहिलेलं आहे, पण ते पाटीवरच. आम्हा भंडारेकरांसाठी ही जागा साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे आणि लहानपणी ती धमकीच्या रूपातच भेटते. वर्गात कुणी जास्त मस्ती केली की सर म्हणायचे, "याले नागपूरले पाठवा लागते." नागपूरले म्हणजे कुठे, ते कुणाला विचारावं लागत नसे.

माझी नानी मात्र त्याच जागेला 'पागलखाना शरीफ' म्हणायची. अजमेर शरीफ, ताजबाग शरीफ, वाकी शरीफ, तसंच पागलखाना शरीफ. मला बरीच वर्षं वाटायचं की ती गंमत करते आहे. पण नानी गंमत करणाऱ्यांतली नव्हती. ती तिथून जाताना डोक्यावरची ओढणी सारखी करायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची.

या दोन शब्दांची जोडी जमली ती १८९२ नंतर.

कामठी ही ब्रिटिशांनी १८२१ च्या सुमारास वसवलेली लष्करी छावणी. तिथल्या गोराबाजारात एका फौजी घरात १८६१ मध्ये ताजुद्दीन नावाचा मुलगा जन्मला. आई-वडील लवकर गेले, नातेवाइकांनी वाढवलं, कामठीच्या मदरशात शिकला, मोठा झाल्यावर फौजेत भरती झाला. पलटण सागरला गेली. तिथे दिवसभर नोकरी करायची आणि रात्री दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात जाऊन बसायचं, असा त्याचा क्रम झाला. मग नोकरी सुटली. कामठीला परत आला तो वेगळाच माणूस होऊन. कपड्यांची शुद्ध नाही, खाण्याची नाही. पोरं मागे लागून दगड मारायची. काही लोक मात्र पाया पडायला लागले, कारण हा जे बोलतो ते खरं होतं अशी बोलवा झाली. चरित्रकार सांगतात की एके दिवशी तो गोऱ्या साहेब-मडमांच्या टेनिस कोर्टावर उघडाच जाऊन उभा राहिला. त्यानंतर सरकारने त्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. साल १८९२. तो तिथे सोळा वर्षं राहिला.

नाइल ग्रीन या इतिहासकाराने ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतल्या मुस्लिम शिपायांच्या धर्मजीवनावर एक पुस्तक लिहिलं आहे, २००९ मध्ये आलेलं. त्यात ताजुद्दीन बाबांवर बराच मजकूर आहे. त्यातून आणि भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांतून जे चित्र उभं राहतं ते विलक्षण आहे. फौजी छावणीच्या शिस्तीत ज्याला वेड म्हणत, त्यालाच बाजारातली माणसं 'जज्ब' म्हणत होती. जज्ब म्हणजे अल्लाहच्या ओढीत स्वतःचं भान हरपणं. असा माणूस तो मजजूब. माणूस एक, लक्षणं तीच, आणि दोन कोश.

आता थोडं कायद्याचं. मला हा भाग रुक्ष वाटेल अशी भीती होती, पण वाटला नाही. १८५७ नंतर राज्य राणीकडे गेलं आणि लगेच १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. त्यात पोलिसांना अधिकार होता की रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा दिसला तर धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा. डॉक्टरचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि माणूस आत. नागपूरचं इस्पितळ १८६४ चं. मध्य प्रांत तेव्हा नुकता, १८६१ मध्ये, तयार झाला होता आणि भंडारा त्यातला एक जिल्हा. १८८० च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे रेल्वे आली. वरठीचं स्टेशन आजही 'भंडारा रोड' म्हणूनच ओळखलं जातं. या रेल्वेने तांदूळ गेला, पुढे मँगनीज गेलं. एखाद्या हवालदाराबरोबर हात बांधलेला एखादा माणूसही गेला असेल.

अशा इस्पितळात बाबांना ठेवलं आणि त्याचा परिणाम सरकारला अपेक्षित नव्हता तो झाला. लोक फाटकावर यायला लागले. आजारी मूल घेऊन, कोर्टाची तारीख घेऊन, न होणारं लग्न घेऊन. चरित्रांमध्ये लिहिलं आहे की गर्दी इतकी वाढली की इस्पितळाने भेटायला पैसे घ्यायला सुरुवात केली. वेड्यांच्या इस्पितळात लोक स्वतःच्या पायांनी, वर पैसे देऊन जात होते आणि ज्याला आत डांबलं होतं त्याच्याकडे आपल्या मनाचं ओझं उतरवत होते. चमत्कारांच्या कथा मी बाजूला ठेवतो. हिंदुस्थानातल्या मनोरुग्णालयांच्या इतिहासात मला एवढीच एक गोष्ट पुरेशी चमत्कारिक वाटते.

१९०८ मध्ये नागपूरचे राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन देऊन बाबांना सोडवलं आणि शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणून ठेवलं. हिंदू राजा, मुसलमान फकीर. त्या काळी कुणाला यात बातमी दिसली नसावी. तिथून पुढे बाबा सावनेरजवळच्या वाकी गावात एका पाटलांकडे बरेच दिवस राहिले, पुन्हा शक्करदऱ्याला आले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी वारले. उमरेड रोडवरचा ताजबाग म्हणजे त्यांची मजार.

वाकीबद्दल चरित्रांमध्ये एक तपशील येतो, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे बाबांनी झाडांखालच्या जागांना नावं दिली होती. एक मशीद, एक मदरसा, एक शफाखाना. भिंत कशालाच नव्हती. आलेल्या माणसाला ते सांगत की तू मदरशात बस, तू शफाखान्यात जा. आजारी माणूस तिथे घरच्यांसोबत पडून राही, दिवस, आठवडे. जेवण असे. आजूबाजूला आपल्यासारखीच दुःखं घेऊन आलेली माणसं असत. शफाखाना म्हणजे दवाखाना. सोळा वर्षं भिंतीआड काढलेल्या माणसाने बाहेर आल्यावर बिनभिंतीचा दवाखाना काढावा, यात त्याला काही म्हणायचं होतं की नव्हतं, कोण जाणे. मला तरी वाटतं, होतं.

इथे जरा मागे, आणि लांब जातो.

दर्ग्यात नेणं आणि डॉक्टरकडे नेणं या दोन विरुद्ध गोष्टी आहेत, असं आपण धरून चालतो. मुस्लिम समाजात तर ही वाटणी आणखी पक्की झाली आहे. एका बाजूला जिन, असर, करणी, नजर, तर दुसऱ्या बाजूला गोळ्या. पण जुन्या इस्लामी वैद्यकात ही भिंत अशी नव्हती. अबू झैद अल-बल्खी हे नववं-दहावं शतक पाहिलेले विद्वान (८५० ते ९३४). त्यांचं शरीर आणि मन या दोन्हींच्या स्वास्थ्यावर एक पुस्तक आहे. मनाच्या भागात ते राग, भीती, उदासी आणि वसवसा यांवर वेगवेगळी प्रकरणं लिहितात. वसवसा म्हणजे डोक्यातून न जाणारा, पुन्हा पुन्हा छळणारा विचार. आमच्या घरात हा शब्द आजही रोज वापरला जातो. नानी तीन-तीनदा कडी लावलेली बघायला उठली की अम्मी म्हणायची, "वसवसा हो गया इनको." हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ तोच शब्द वापरतो. विचाराला दुसऱ्या विचाराने कसं उत्तर द्यायचं, शांत असताना चांगल्या विचारांची शिदोरी कशी साठवून ठेवायची, हे सांगतो. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या भागाचा इंग्रजी अनुवाद केला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. बद्री यांनीच १९७९ च्या आपल्या पुस्तकात मुस्लिम मानसशास्त्रज्ञांना सुनावलं होतं की पश्चिमेकडचं सगळं डोळे मिटून उचलू नका.

पैशाचंही तसंच. कैरोत सुलतान कलाऊनने १२८४ च्या सुमारास बांधलेल्या शफाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती आणि उपचार फुकट होते. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर माळव्याचा महमूद खिलजी (१४३६ ते १४६९). त्याच्या राज्यात धारजवळ वेड्यांसाठी दवाखाना होता, असा उल्लेख भारतीय मनोविकारशास्त्राच्या इतिहासात नेहमी केला जातो. म्हणजे धर्माच्या छत्राखाली, गरिबाला परवडेल असा मनाचा उपचार ही कल्पना काही कुणा स्टार्टअपची नाही. वक्फ हा शब्द आज फक्त जमिनीच्या भांडणात ऐकू येतो, एवढंच.

आता माझ्या खालाची गोष्ट. तिच्यामुळेच मी हे सगळं वाचायला लागलो.

मोठी खाला तुमसरला दिलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने बोलणं बंद केलं. मी तेव्हा तिसरीत होतो. ती आमच्या घरी राहायला आली आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. बाळाला जवळ घ्यायची नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हे शब्द तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कुणी ऐकले नव्हते. 'असर' ऐकला होता. नानीने दर जुमेरातला तिला ताजबागला न्यायला सुरुवात केली. सकाळची एसटी, दुपारभर मजारीच्या आवारात, लंगरचं जेवण, संध्याकाळची एसटी. खर्च दोन तिकिटांचा, फुलांच्या चादरीचा आणि अगरबत्तीचा. आज मी पुण्यात काउन्सेलरकडे जातो तेव्हा पन्नास मिनिटांचे दीड हजार मोजतो. माझी कंपनी त्यातले काही परत देते. नानीला कोण देणार होतं?

ताजबागने खालाला काय दिलं, याचा मी खूप विचार केला आहे. तिथे आवारात तिच्यासारख्या बायका बसलेल्या असत. कुणी केस मोकळे सोडून डुलते आहे, कुणी रडते आहे, कुणी नुसती बसली आहे. तिथे खालाकडे कुणी वळून पाहत नव्हतं. आमच्या गल्लीत ती दारात उभी राहिली तरी चार खिडक्या उघडायच्या. दर्ग्यात तिला दिवसभर साधं माणूस म्हणून बसता येत होतं. नानी म्हणायची, तिथे ती दोन घास जास्त खाते.

पण ती बरी झाली नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. दोन वर्षं गेली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी तिला दुसरीकडे, लांबच्या एका ठिकाणी नेलं. नाव घेत नाही. तिथे दर्ग्याच्या आसपास खासगी खोल्या होत्या, त्यांचे मालक रोग्यांना 'ठेवून घ्यायचे'. नानी तिला महिनाभर ठेवून आली. परत आणलं तेव्हा खालाच्या डाव्या घोट्यावर साखळीचा वण होता. तो अजून आहे. नानी त्यानंतर किती रडली हे मी पाहिलं आहे. त्या रडण्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

तामिळनाडूतलं एरवाडी तुम्हाला आठवत नसेल, तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. तिथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या आजूबाजूला अशीच खासगी 'घरं' होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. पंचवीसहून जास्त माणसं जळून मेली. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, देशभरात तपासण्या झाल्या. खालाला साखळी घातली गेली ती या घटनेनंतर काही वर्षांनी. बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचली असेल आणि आम्हाला ती आमच्याबद्दलची वाटली नसेल.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी आयुष्यातली अनेक वर्षं दिली आणि त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला त्यांचा खून झाला, त्यानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना, यात्रा, दर्ग्यात जाणं हा गुन्हा नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर साफ सांगितलं की मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. दोन्ही कायदे मी शब्द न् शब्द वाचले. खालाचा घोटा डोळ्यांपुढे ठेवून वाचले, म्हणून कदाचित कंटाळा आला नाही.

आमच्याकडे आल्यानंतर खालाचं पुढे काय झालं, तर मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना साहब. बारीक अंगाचे, चष्मा लावणारे. नानी तिला दम करवून घ्यायला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी पडद्यापलीकडून नानीलाच प्रश्न विचारले. झोप किती लागते? जेवते का? बाळाला कधीपासून घेत नाही? मरायचं बोलते का? शेवटच्या प्रश्नाला नानी गप्प झाली. मग त्यांनी पाण्यावर पढून दिलं आणि म्हणाले, "अम्मा, ये पानी सुबह-शाम पिलाओ. और कल इनको बड़े दवाखाने लेके जाओ, दिमाग के डॉक्टर के पास. वो जो गोली देंगे, उसी पानी से खिलाओ. गोली बंद की तो मैं पानी नहीं दूँगा."

मी आज सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आधी एल-वनवाल्याकडे येते. चांगला एल-वन तो, ज्याला आपल्याला काय येत नाही हे कळतं आणि जो तक्रार वेळेवर पुढे ढकलतो, पण ग्राहकाचा हात सोडत नाही. मौलाना साहब तसे होते. खाला गोळ्या घ्यायला लागली. दर पंधरा दिवसांनी पाण्याची बाटली भरायला नानी जायची आणि ते आधी गोळ्यांचं पाकीट बघायला मागायचे. किती रिकामं झालं ते मोजायचे. हदिया म्हणून नानी अकरा रुपये ठेवायची, कधी ते तेही परत करायचे. सहा-सात महिन्यांनी खाला एका संध्याकाळी चुलीपाशी जाऊन बसली आणि भाकरी थापायला लागली. कुणी काही बोललं नाही. अम्मीने फक्त पीठ पुढे सरकवलं.

हेच काम पद्धतशीर केलेलं एक ठिकाण देशात आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. मनोरुग्णांसाठी तो कित्येक पिढ्यांपासून प्रसिद्ध आहे. तिथे एका स्वयंसेवी संस्थेने सरकारच्या मदतीने दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी सुरू केली आणि तिला नाव दिलं 'दवा-दुआ'. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं. माणूस आधी मुजावराकडे येतो, दुआ होते आणि मुजावरच त्याला बाजूच्या खोलीत डॉक्टरकडे पाठवतो. यात युक्ती अशी की कुणाला श्रद्धा सोडायला सांगितलं जात नाही, आणि मुजावराचा मानही जात नाही. डॉक्टरने मुजावराला ढोंगी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ओपीडी रिकामी राहिली असती.

यावर माझ्या काही पुरोगामी मित्रांचा आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं, याने असर-बिसर या कल्पनांना मान्यता मिळते. आक्षेप खोटा नाही. पाण्याने खाला बरी झाली असं नानी मरेपर्यंत मानत होती. पण आपल्या विदर्भातच बुलडाण्याच्या सैलानीला होळीच्या सुमारास जाऊन या. नारळांची होळी पेटते आणि लाखो लोक मनोरुग्ण नातेवाइकांना घेऊन आलेले असतात, त्यांत निम्म्याहून जास्त हिंदू असतील असं मला तिथे वाटलं. ही माणसं आपल्या लेखांची वाट बघत थांबलेली नाहीत. ती निघालेलीच आहेत. वाटेत त्यांना कोण भेटतं, साखळीवाला की मौलाना साहबांसारखा कुणी, एवढाच भाग आपल्या हातात आहे. आणि भंडाऱ्याच्या लोकांना हे नवं वाटायचं कारण नाही. बाबा जुमदेवजींच्या 'परमात्मा एक' सेवकांमुळे दारू सुटलेली दोन-चार घरं इथे कुठल्याही गावात सापडतील. ते गावातल्या हिंदू घरांचं झालं. आमच्या घरांसाठी, वस्ती थोडी असल्यामुळे असेल, तसं काही उभं राहिलं नाही. एक मौलाना होते, ते बदलून गेले.

सरकारी बाजू अगदीच रिकामी आहे असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' आहे, १४४१६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. नागपूरचं रुग्णालय ९४० खाटांचं आहे. त्याची ओपीडी विदर्भभरातल्या माणसांनी भरलेली असते, मी रांगेत उभा राहिलो आहे. पण फोन लावण्याआधी एक पायरी असते. ती म्हणजे, 'हा फोन लावायला हरकत नाही' असं आपल्या भरवशाच्या माणसाने सांगणं. आमच्या मोहल्ल्यात तो माणूस डॉक्टर नसतो, मीही नसतो. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरचं ऐकून कुणी आपल्या मुलीला मनोविकारतज्ज्ञाकडे नेणार नाही.

गेल्या रमजानात घरी गेलो होतो. मशिदीत आता नवे इमाम आहेत, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. तरावीहनंतर अब्बू आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. मी खालाचं सांगितलं, बल्खींचं सांगितलं, ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत निघालं. ताजुद्दीन बाबांबद्दल ते फार उत्साही नव्हते, दर्गे त्यांना पटत नाहीत. मी तो विषय सोडला. मग त्यांनी सांगितलं की महिन्यातून चार-पाच घरं तरी त्यांच्याकडे येतात. कुणाचा मुलगा खोलीबाहेर निघत नाही, कुणाची सून रात्री किंचाळते. ते पढून देतात आणि नमाज पाबंदीने पढायला सांगतात. "उसके आगे मुझे नहीं मालूम," ते म्हणाले.

मी त्यांना १४४१६ लिहून दिला. त्यांनी विचारलं, उधर से उर्दू में बात करेंगे क्या? मला सांगता येईना. मग आम्ही तिथेच, रात्री साडेदहाला, स्पीकरवर फोन लावला. पलीकडून एक बाई आधी मराठीत बोलल्या, मग इमाम साहबांचं सलाम ऐकून हिंदीत. त्यांनी विचारलं, त्रास कुणाला आहे. इमाम साहबांनी माझ्याकडे पाहिलं, फोन जवळ ओढला आणि किंचाळणाऱ्या सुनेचं सांगायला सुरुवात केली. अब्बूंनी मला खुणेने उठवलं. आम्ही बाहेर येऊन ओट्यावर बसलो.